कलम सातसाठी तीन फेऱ्या

लीव्हन स्टाल्पार्ट हा आमच्या ओस्टरगेमचा सायकलपटू. वय बावन्न, वजन एकशे चार किलो. गेल्या एकोणतीस वर्षांत त्यानं एकही शर्यत जिंकलेली नाही. त्याआधी एक जिंकली होती. तिचा फोटो 'काळा कोंबडा' कॅफेच्या मागच्या खोलीत टांगलेला आहे. फोटोत चिखलाचा एक गोळा दोन्ही हात वर करून उभा आहे. तो लीव्हनच, असं सगळे सांगतात. चिखल खरवडून कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या फ्लेमिश गावांतून कुणी पोरगं सायकलवर जरा बरं दिसलं की त्याच्या नावानं पाठीराख्यांचा क्लब निघतो. अध्यक्ष, चिटणीस, झेंडा, सभासदपत्र, दर गुरुवारी कॅफेत बैठक आणि हंगाम असेल तर तिथंच शिंपल्यांचं जेवण. पोरगं पुढे काय दिवे लावतं हा तपशिलाचा भाग. लीव्हनच्या क्लबात एक्केचाळीस सभासद आहेत, त्यातले निम्मे सत्तरीच्या पुढचे, आणि उरलेल्या निम्म्यांनी लीव्हनकडे गाडी शिकलेली आहे. तो गाडी शिकवायचं काम करतो. परवाना हातात पडला की दुसऱ्या हातात सभासदपत्र पडतं, नको म्हणायची सोय नसते. मी अशीच अडतिसावी सभासद झाले.

दिवसाचे आठ तास लीव्हन शेजारच्या सीटवर बसतो आणि उजवा पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर ठेवून लोकांना मरणापासून वाचवतो. या धंद्यानं त्याला दोन गोष्टी दिल्या. एक पोट, आणि दुसरी, घाबरलं की ब्रेक दाबायची सवय. शर्यतीत दोन्हींचा उपयोग सारखाच.

शर्यत म्हणजे सायक्लोक्रॉस. हिवाळ्यात, शेतात, चिखलात, खाली वळलेल्या हँडलच्या हलक्या सायकलवर तासभर चालणारा छळ. अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. खांद्यावरच न्यायची तर सायकल आणायचीच कशाला, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. तो प्रश्न 'काळ्या कोंबड्या'त मोठ्यानं विचारला तर दुसरी बिअर मिळत नाही.

आमच्या क्लबाच्या घटनेत कलम सात असं आहे: सायकलपटूचं नाव दर वर्षी किमान एका शर्यतीच्या निकालपत्रात आलं पाहिजे. न आल्यास एकतीस डिसेंबरला क्लब विसर्जित होईल आणि मागची खोली गावातल्या पुढच्या सायकलपटूच्या क्लबाला जाईल. नंबर कितवा यावा हे कलम सांगत नाही. पण शर्यत अर्धवट सोडली, तर ते नाव धरलं जात नाही. हे कलम लिहिलं तेव्हा लीव्हन बावीस वर्षांचा होता आणि मुलींच्या मागे फिरून सराव चुकवत होता. त्याला धाक म्हणून लिहिलं. मुली गेल्या, सराव गेला, कलम राहिलं.

पुढची सायकलपटू तयारच आहे. फेन्ना नावाची वीस वर्षांची मुलगी, दर रविवारी जिंकते, आणि तिचे पाठीराखे लिंबू घातलेलं पाणी पितात. जागा नाही म्हणून ते बिचारे कॅफेच्या दाराशी उभे असतात आणि आमच्या खोलीकडे प्रेमानं पाहत असतात, जसं आजारी काकाच्या घराकडे पुतणे पाहतात.

कलम बदलून टाका ना, असं मी एकदा म्हटलं होतं. चिटणीस आशिल रोंबाउटनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मे महिन्यात, हंगाम नसताना, शिंपले मागितले. आशिल शहात्तर वर्षांचा निवृत्त पोस्टमन आहे. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची पत्रं वाटली आणि एकही उघडलं नाही. त्याची भरपाई तो आता नियमावल्या वाचून करतो. कॅफेच्या संडासात लावलेली सूचनासुद्धा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि मग त्यात काय राहून गेलंय ते मालकाला सांगतो.

त्या वर्षी लीव्हननं फारच चालढकल केली. जानेवारीत त्याला सर्दी झाली. फेब्रुवारीत त्याच्या एका विद्यार्थिनीची परीक्षा होती. सप्टेंबरात हंगाम पुन्हा सुरू झाला तेव्हा तो म्हणाला, अजून चिखल पिकला नाही. नोव्हेंबरात चिखल पिकला, तेव्हा म्हणाला की गुडघा पिकलाय. त्याची बायको ग्रीट क्लबाची सभासद नाही. घरात एका तरी माणसाला खरं काय ते माहीत असावं, असं तिचं म्हणणं. तिनं आम्हाला सांगितलं की लीव्हनचा सराव चालू आहे, रविवारी सकाळी तो सायकलवरून पाव आणायला जातो. बेकरी कोपऱ्यावर आहे.

अखेरीस बावीस डिसेंबरच्या शर्यतीला त्याचं नाव घातलं. वाऱ्यानं तंबू उडाले आणि शर्यत रद्द झाली. आता वर्ष संपायला नऊ दिवस होते. आशिलनं सगळी पत्रकं धुंडाळली आणि एकच शर्यत सापडली. एकोणतीस तारखेला, भाषेच्या हद्दीपलीकडे, फ्रेंच बोलणाऱ्यांच्या मुलखात, एका जुन्या दगडखाणीत. आणि ती माउंटन बाइकची होती.

आमच्याकडे माउंटन बाइकबद्दल मत चांगलं नाही. देशात डोंगर नाही, आणि ही जाड चाकं. शिवाय पुढे-मागे स्प्रिंगा. स्प्रिंगा बाबागाडीला लावतात, असं आमचा झेंडेकरी ओडिल म्हणतो. ओडिल एक्क्याऐंशी वर्षांचा असून त्याला लहान मुलांची माहिती नाही, पण मत ठाम आहे. कुणीतरी लीव्हनला म्हणालं, माझ्या जावयाची माउंटन बाइक आहे, ने. लीव्हननं त्याच्याकडे पाहिलंही नाही. आपली दीड बोट जाडीच्या चाकांची, स्प्रिंगाबिंगा नसलेली, जुनी सायकल घेऊनच उतरणार, असं त्यानं सांगितलं. आयोजकांनी कळवलं की चालेल, जबाबदारी ज्याची त्याची.

नियमपत्रक आलं ते फ्रेंचमध्ये. आशिल फ्रेंच बोलत नाही, वाचत नाही, फ्रेंच चीज समोर आलं तरी त्याच्या नावाला फ्लेमिश पर्याय सुचवून मगच खातो. आपल्याकडच्या सीमाप्रश्नाच्या मुलखातून इथं येऊन राहिलेल्या मला त्याचं नवल वाटलं नाही. पत्रकाची घडी घालून त्यानं ते फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाला, शर्यतीचे नियम सगळीकडे सारखेच असतात.

त्या नियमांवरच त्याची योजना उभी होती. सायक्लोक्रॉसमध्ये पहिल्या माणसानं तुम्हाला एका फेरीनं गाठलं की पंच तुम्हाला रेषेवर थांबवतात. मग तुम्ही घरी जायचं. निकालपत्रात तुमचं नाव येतं, पुढे 'एक फेरी मागे' असं लिहितात. म्हणजे अर्धवट सोडल्याचा डाग नाही. आशिलनं गुरुवारी फळ्यावर हिशेब मांडला. पहिला माणूस पंधरा मिनिटांत फेरी मारणार. लीव्हनला पस्तीस लागणार. म्हणजे लीव्हनची पहिली फेरी संपायच्या आत तो गाठला जाणार आणि एका फेरीत सुटणार. फक्त पडू नकोस, आणि फार जोरात जाऊ नकोस.

लीव्हन म्हणाला की दुसऱ्या अटीची काळजी नको.

इतक्या बारकाईनं आखलेला पराभव मी तोवर पाहिला नव्हता.

एकोणतीस तारखेला सकाळी आम्ही सव्वीस जण बसनं निघालो. बिअरचं पिंप, रक्त घालून केलेल्या सॉसेजचा डबा, घड्या होणाऱ्या खुर्च्या, घोंगड्या, झेंडा. लीव्हनच्या अंगात क्लबाची हिरवी जर्सी होती. अध्यक्ष गोडलीव्ह हिनं ती तीस वर्षांपूर्वी शिवली आणि दर पाच-सहा वर्षांनी दोन्ही कुशींत एकेक पट्टी वाढवली. प्रत्येक पट्टीचा हिरवा वेगळा आहे. झाड कापल्यावर वलयं मोजतात तशी लीव्हनची वर्षं त्या जर्सीवर मोजता येतात.

गोडलीव्ह एकोणऐंशी वर्षांची. कापडगिरणीत शिवण विभागावर देखरेख करायची. यंत्रांच्या वर आवाज चढवायची सवय लागली आणि गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं झाली तरी तिनं तो खाली घेतलेला नाही. बसमध्ये ती लीव्हनच्या कानाशी बोलत होती ते ड्रायव्हरलाही पाठ झालं.

खाणीत तीस-पस्तीस स्पर्धक होते. चापूनचोपून बसलेल्या कपड्यांतले, कोरडे, तरुण. जाड चाकांवर डुलत होते. लीव्हन शेवटच्या रांगेत उभा राहिला तेव्हा त्यांतल्या दोघांनी त्याच्या सायकलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग एकमेकांकडे. आणि मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. सव्वीस माणसं, झेंडा, घंटा, पिंप. पहिल्या रांगेतल्या, पुढे जिंकलेल्या पोराबरोबर त्याची आई तेवढी आली होती. खाणीत कुजबुज पसरली की शेवटच्या रांगेतला तो गृहस्थ कोणी मोठा माणूस असावा, दुखापतीनंतर परत आलेला.

दोन वाजता शर्यत सुटली. तीस जण सुटले आणि नंतर लीव्हन सुटला.

माझ्या माहितीप्रमाणे पहिली फेरी त्यानं अशी केली. चढ आला, उतरला, सायकल खांद्यावर घेतली, चालला. ओंडका आला, उतरला, खांद्यावर घेतली. मुळं आली, उतरला. उतार आला की बसला आणि ब्रेक दाबला. त्याचे ब्रेक केकाटतात पण थांबवत नाहीत, त्यामुळे तो कुठं आहे हे संपूर्ण खाणीला ऐकू येत होतं. सगळ्यात वाईट एक उतार आहे, दगडाच्या सुट्या पायऱ्यांचा, तिथले लोक त्याला 'सासूबाई' म्हणतात. जाड चाकांचे लोक त्यावरून ठण् ठण् उड्या मारत जात होते. लीव्हन वर उभा राहिला, खाली पाहिलं, सायकल खांद्यावर घेतली आणि बाजूच्या गवतातून घसरत खाली आला. त्याचं सगळं आयुष्य 'समोर पाहा, वेग कमी करा' असं सांगण्यात गेलं होतं. त्यानं स्वतःचं ऐकलं.

वाटेत पहिला माणूस त्याला मागे टाकून गेला तेव्हा आम्ही जो जल्लोष केला तो ऐकून त्या पहिल्या माणसाची आई रडायला लागली. आपल्या मुलावर परक्यांचं इतकं प्रेम आहे हे तिला माहीत नव्हतं.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी लीव्हननं रेषा ओलांडली, सायकल कठड्याला टेकवली आणि हात वर केले. चिखल कमी होता, पण फोटोतला माणूस ओळखू आला. गोडलीव्हनं त्याचे दोन्ही गाल ओढले. कुणी कोट घातला, कुणी खुर्ची दिली, ओडिलनं बिअर भरून दिली. लीव्हन निवांत बसला. तो म्हणाला की माउंटन बाइकचं लोक उगाच अवघड म्हणून बोलतात.

तेवढ्यात पंच आल्या. मादाम कोलिन्यॉ, पन्नाशीच्या, उंच, गळ्यात घड्याळ, हातात फळी आणि कागद. त्या लीव्हनला फ्रेंचमध्ये काही म्हणाल्या. लीव्हननं हसून मान डोलावली. त्यांनी तीन बोटं दाखवली. ओडिलनं लगबगीनं तीन बिअर भरल्या.

त्यांनी बिअरकडे पाहिलं, मग पुन्हा तीन बोटं दाखवली, आणि मग त्यांतलं एक दुमडून लीव्हनकडे रोखून दोन दाखवली, आणि हात गोल फिरवून खाणीकडे केला.

सगळ्यांनी आशिलकडे पाहिलं. आशिलनं फाइल उघडली, घडी काढली, चष्मा लावला आणि फ्रेंच कागद वाचायला लागला. त्याचे ओठ सराईतपणे हलत होते. चौथ्या मुद्द्यावर थांबले.

तो म्हणाला की इथं कुणाला थांबवत नाहीत. प्रत्येकानं तीन फेऱ्या पुऱ्या करायच्या, कितीही मागे असला तरी. नाहीतर शर्यत अर्धवट सोडली असं धरतात. निकालपत्रावर चार वाजता पंच सही करतात आणि सही झाली की यादी बंद.

"अजून दोन?" लीव्हन म्हणाला.

"दोन."

"आशिल, तुम्ही हा कागद वाचला होता ना?"

"पाहिला होता," आशिल म्हणाला.

लीव्हन बराच वेळ हातातल्या ग्लासकडे पाहत बसला. दहा मिनिटांत तीन वाजणार होते. त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या. शेजारच्या खुर्चीत गोडलीव्ह पहिल्यांदाच गप्प होती, आणि त्या शांततेनं सगळ्यांना फार अस्वस्थ वाटलं. मग लीव्हननं उरलेली बिअर पिऊन टाकली, कारण टाकून देणं त्याच्या तत्त्वात बसत नाही, कोट काढून माझ्या हातात दिला आणि उठला. उठताना गुडघ्यांचा आवाज झाला. आशिलनं सगळ्यांना बजावलं की कुणीही त्याला हात लावायचा नाही, ढकलायचं नाही, बाहेरची मदत झाली तर नाव बाद. चूक केलेला माणूस नियमांना कसा चिकटतो ते त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या फेरीत लीव्हन एकटाच होता. विजेता जिंकून, कपडे बदलून, आईला घेऊन निघूनही गेला. आयोजकांची माणसं लीव्हनच्या मागून चालत चालत वाटेच्या एका कडेच्या पट्ट्या गुंडाळत होती, दुसरी कड शेवटच्या फेरीसाठी ठेवून. त्यांना घाई नव्हती. घाई करायचं कारणच नव्हतं, ती त्याच्यापेक्षा जोरात चालली असती तर पुढे गेली असती. आम्ही खाणीत पसरलो. प्रत्येक वळणावर एकेक म्हातारा खुर्ची टाकून बसला. लीव्हन समोरून गेला की प्रत्येक जण त्याला उत्तेजन द्यायचा. आमच्या लोकांना जिंकणाऱ्याला काय ओरडतात ते आठवत नाही. ते "छान, अजून उभा आहेस" असं म्हणायचे.

तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी दुसरी फेरी संपली. तेहतीस मिनिटं राहिली होती.

मी गोडलीव्हबरोबर 'सासूबाई'च्या माथ्यावर होते. तिथून रेषा दोन किलोमीटर. चारला तेरा कमी असताना झाडांतून तो आला. सायकलवर नव्हता. सायकल खांद्यावर नव्हती. ओढत होता, हट्टी शेळी ओढावी तशी. माथ्यावर आला, खाली पाहिलं आणि एका दगडावर बसला. चेहरा पांढरा पडला होता. थंडीतही कपाळावरून घाम ओघळत होता.

गोडलीव्ह खुर्चीतून उठली नाही. हात लावायचा नाही असं ठरलं होतं. तिनं थर्मास मांडीवर घट्ट धरून ठेवला, कारण कॉफी देणं म्हणजे मदत का, हे आशिलला विचारायचं राहिलं होतं.

"झालं," लीव्हन म्हणाला. "नाही जमत."

तिनं थर्मासचं झाकण आणखी घट्ट केलं.

"अध्यक्षबाई, खरं सांगा. माझ्यावाचून तुमचं अडतंय काय? गुरुवारी या, बसा, प्या. त्याला क्लब कशाला लागतो? तीस वर्षं एका न जिंकणाऱ्या माणसाचा झेंडा घेऊन फिरताय. लोक हसतात. मला हसतात ते ठीक, माझा धंदाच तसा आहे. तुम्ही कशाला हसं करून घेता?"

"हसतात ना," गोडलीव्ह म्हणाली. या वेळी तिचा आवाज खरोखर खाली होता, आणि मला जास्त भीती वाटली. "पोरा, क्लब नसला तर आम्ही कॅफेत बसलेली म्हातारी माणसं. बस, तेवढंच. ओडिलला मी काय म्हणून फोन करू? जिवंत आहेस का, असं विचारता येतं का माणसाला? गुरुवारी शिंपले किती किलो सांगू, असं विचारता येतं. तो म्हणतो दोन किलो. म्हणजे जिवंत आहे."

लीव्हननं बाहीनं कपाळ पुसलं.

"ओडिल दोन किलो खातो?"

"अर्धे टाकतो."

"मग दोन किलो कशाला मागवता?"

"एक किलो म्हणाला, तर मला काळजी वाटेल म्हणून तो दोन म्हणतो. बायको होती तेव्हा दोन लागायचे."

खाली दूरवर रेषेजवळ कुणीतरी ध्वनिक्षेपक आवरत होतं. पट्ट्या गुंडाळणारी दोन माणसं आमच्या मागे येऊन, सभ्यपणे, पंधरा पावलांवर थांबली होती.

"ग्रीटला सांगू नका मी बसलो होतो ते," लीव्हन म्हणाला. त्यानं सायकल उचलली. पहिल्या खेपेला ती खांद्यापर्यंत गेलीच नाही. दुसऱ्या खेपेला गेली. मग तो 'सासूबाई'कडे तोंड करून उभा राहिला, गवताच्या बाजूला एक पाऊल टाकलं, पाय सरकला, आणि एकशे चार किलो, सायकल धरून एकशे तेरा, बसल्या बसल्या संपूर्ण उतार घसरत खाली गेले. वाटेत त्याचा उजवा पाय तीन वेळा हवेत ब्रेक दाबताना मी पाहिला. त्या उतारावरून त्या दिवशीची सगळ्यात वेगवान खेप तीच असावी. खाली तो उठला, सायकल सरळ केली, चाक फिरतंय का पाहिलं आणि बसून निघाला.

वेळ होती चारला सात कमी. त्याला सतरा मिनिटं तरी लागणार होती.

रेषेवर पुढे काय झालं ते ओडिलनं सांगितलं, कारण तो झेंडा घेऊन तिथं उभा होता. चार वाजले. मादाम कोलिन्यॉनी पेनाचं टोपण काढलं. तेव्हा आशिल पुढे झाला, टोपी काढली आणि त्यांच्याशी फ्रेंचमध्ये बोलायला लागला. अडखळत नाही, सफाईनं. सैन्यातली त्याची दोन वर्षं तिकडे गेली होती, आणि ही गोष्ट त्यानं पन्नास वर्षं आजारासारखी लपवून ठेवली होती. ओडिल म्हणतो की आशिल फ्रेंच बोलायला लागला तेव्हा त्याला वाटलं, आपल्यालाच काहीतरी झालंय.

आशिलनं नियमपत्रक उघडलं आणि पहिल्या मुद्द्यापासून शंका विचारायला सुरुवात केली. हेल्मेट अनिवार्य, असं म्हटलंय, पण ते डोक्यावर असावं असं का म्हटलेलं नाही? स्पर्धकानं अर्धा तास आधी यावं, तर आधी म्हणजे कशाच्या आधी? मादाम कोलिन्यॉ स्वतः नियमांच्या बाई. त्यांनी पेन बाजूला ठेवून एकेक उत्तर दिलं. दोन मुद्द्यांवर त्यांचं भांडण झालं. एका मुद्द्यावर त्यांनी आशिलचं म्हणणं मान्य करून समासात खूण केली. नवव्या मुद्द्यावर आशिल आला तेव्हा चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

"महाशय," मादाम कोलिन्यॉ म्हणाल्या, "तुम्ही काय करताय ते मला चौथ्या मुद्द्यालाच कळलं. माझे पाय गोठलेत. तो येतोय की नाही, एवढं सांगा."

"येतोय," आशिल म्हणाला.

"कशावरून?"

"ब्रेक ऐका."

लीव्हन चार वाजून अकरा मिनिटांनी आला. या वेळी त्यानं हात वर केले नाहीत, कारण हँडल सोडलं तर तो पडला असता. रेषा ओलांडली आणि मग पडला, हळूच, कुशीवर, जर्सीच्या पट्ट्यांवर. नियमाप्रमाणे आता हात लावायला हरकत नव्हती. रेषेवर होते तेवढ्या सगळ्यांनी एकदम लावला, त्यामुळे त्याला उठायला आणखी वेळ लागला. मादाम कोलिन्यॉनी यादीच्या तळाशी नाव लिहिलं, नंबर एकतीस, सही केली, आणि ओडिलनं पुढे केलेली बिअर या वेळी घेतली.

बसमध्ये लीव्हन पहिल्या सीटवर दोन घोंगड्यांत गुंडाळलेला होता. पाय समोर लांब केले होते, कारण ते दुमडत नव्हते. सॉसेजचा डबा फिरला. सगळे एकदम बोलत होते. प्रत्येकानं आपापल्या वळणावर काय पाहिलं ते सांगितलं, आणि ओस्टरगेम येईपर्यंत लीव्हननं तिसऱ्या फेरीत दोघांना मागे टाकलं असं ठरलं. ते दोघे पट्ट्या गुंडाळणारे होते, हे मी बोलले नाही.

आशिल मात्र फाइल घेऊन बसला होता. त्याच्या मनाला लागलं होतं. शेवटी तो उठून पुढे गेला, लीव्हनच्या सीटला धरून उभा राहिला आणि म्हणाला की पुढच्या वर्षी असं व्हायला नको, त्यानं आत्ताच पाहून ठेवलंय. पाच जानेवारीला एक शर्यत आहे, आपल्याच भागात, सपाट मैदानावर, सायक्लोक्रॉसची, पत्रक फ्लेमिशमध्ये. नवं वर्ष, नवी यादी. एक फेरी मारायची, गाठलं जायचं, नाव लागलं. मग संपूर्ण वर्ष मोकळं. कलम सातची कटकट पुढच्या डिसेंबरपर्यंत नाही.

गोडलीव्हनं खिडकीकडे तोंड केलं. ओडिल झेंड्याच्या काठीवरचा चिखल नखानं काढायला लागला. योजना उत्तम होती. कुणालाच त्यात दोष काढता येईना, आणि कुणाचाच चेहरा आनंदी दिसेना.

लीव्हननं डोळे उघडले. एकेका सीटकडे सावकाश पाहिलं, परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं.

"जानेवारीत नाही," तो म्हणाला. "डिसेंबरात. अगदी शेवटच्या आठवड्यात."

आशिलनं विचारलं की कशासाठी, त्यात शहाणपण काय.

"पाच तारखेला सगळं उरकलं, तर वर्षभर गुरुवारी तुम्ही बोलणार कशावर?"

त्यानं डोळे मिटून घेतले. गोडलीव्ह खिडकीतून वळली आणि गिरणीतल्या आवाजात म्हणाली की लीव्हनच्या हातात सॉसेज का नाही, या बसमध्ये कुणाला काही जबाबदारी आहे की नाही. आशिलनं फाइल उघडली, पाच जानेवारीच्या पत्रकाची नीट घडी घातली आणि ते सर्वांत मागच्या कप्प्यात, जिथं सहसा हात पोचत नाही तिथं, ठेवून दिलं.